मांडव आणि कूस

पावसाळ्यात मावळात चादरीसुद्धा वाळत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी ओलसर अंथरुणात आणखी लवकर सोलवटते. माकडहाडावर, टाचेवर जखम होते. तिला शय्याव्रण म्हणतात. अशा चिवट जखमांसाठी आता नवे उपाय येत आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून ‘कोलेडर्म’ हा पापुद्रा बनवला. उंदीर, ससे, कुत्रे यांच्या जखमांवर तो तपासला. २०२३ मध्ये त्याला केंद्राची मान्यता मिळाली. वेलीला मांडव, तसा हा नव्या कातडीला आधार. पण मांडवावर धोंडा ठेवला, तर वेल चढेल कशी? म्हणून दर दोन तासांनी कूस बदला, टाच अधांतरी ठेवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही; हात लावून पाहा. गरम, टणक लागलं तर लगेच दवाखाना गाठा.