लेखे अद्ययावत, तसा दिलेला शब्दही

मैत्रिणींनो, बैठक आटोपून, भाकरी टाकता टाकता रेडिओ ऐकत असाल. आज मी तुम्हाला आमच्या गटाची एक चूक सांगणार आहे. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून.

आमचा गट पापड, कुरडया, मिरची पावडर आणि तूरडाळ विकतो. गटातल्या एकीच्या भाच्यानं आम्हाला वेबसाइट करून दिली. तिच्या तळाशी ‘गोपनीयता धोरण’ नावाचं एक पान होतं. त्यानं ते दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचं जसंच्या तसं उचललं होतं, तेही इंग्रजीत. आमच्यापैकी कुणीच ते वाचलं नाही. त्यात लिहिलं होतं, ‘तुमचा नंबर आम्ही कुणालाही देत नाही.’

पुढं दिवाळी आली. जाहिरातीचे मेसेज पाठवायला आम्ही गिऱ्हाइकांची सगळी यादी एका माणसाला देऊन टाकली. महिनाभरात एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, “मी तुमच्याकडून दोन किलो डाळ घेतली. हा नंबर मी फक्त तुम्हालाच दिला होता. आता मला कर्ज घ्या म्हणून रोज फोन येतात. तुम्ही तर लिहिलंय की नंबर कुणाला देत नाही!” माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या ताईंनी पुन्हा आमच्याकडून काही घेतलं नाही.

त्या रात्री मला आपली पंचसूत्री आठवली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि लेखे अद्ययावत ठेवणं. रोखवहीत पाच रुपये चुकले तर आपण रात्री अकरापर्यंत बसून हिशोब जुळवतो. मग गिऱ्हाइकाला लिहून दिलेला शब्द तीन वर्षं तसाच कसा पडून राहिला?

हे नुसतं चांगुलपणाचं काम नाही, कायद्याचंही आहे. धंदा करणाऱ्यानं गोपनीयता धोरण वेबसाइटवर लावावं, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २०११ च्या नियमांतच आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये लोकांच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा वेगळा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. मोठ्यात मोठा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. घाबरू नका, चूक किती गंभीर आहे ते पाहून दंड ठरतो. पण ‘आम्ही लहान, आम्हाला कोण विचारतं’ असं म्हणून भागणार नाही.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडली. माहिती कशासाठी घेता ते माणसाला सोप्या भाषेत सांगायचं आणि ते मराठीतही वाचण्याची सोय त्याला द्यायची. आणखी एक लक्षात ठेवा. प्रदर्शनात वहीवर लिहून घेतलेला नंबर आपण मोबाईलमध्ये चढवला, की त्यालाही हा कायदा लागतो.

मग आम्ही काय केलं? बैठकीत ते पान मोठ्यानं वाचलं आणि पाच प्रश्न विचारले. आपण गिऱ्हाइकाकडून काय काय घेतो? कशासाठी घेतो? ते कुणाच्या हातात जातं? किती दिवस ठेवतो? आणि गिऱ्हाईक ‘माझं नाव काढा’ म्हणालं, तर त्यानं कुणाला फोन करायचा?

उत्तरं लिहिताना बरंच उघडं पडलं. आपण नाव, पत्ता आणि नंबर घेतो, ते ठीक. पण एक जण आधार कार्डाचा फोटोही मागत होती. पापड पोचवायला आधार कशाला? ते बंद केलं. पत्ता कुरिअरवाल्याकडं जातो, तसं स्पष्ट लिहिलं. वेबसाइटचा पासवर्ड पुण्याला नोकरीला गेलेल्या भाच्याकडंच होता, तो बदलला. गट सोडून गेलेल्या एका बाईच्या मोबाईलमध्ये सगळी यादी होती. तिच्या घरी जाऊन, चहा घेऊन, तिच्याच हातानं ती पुसून घेतली. ज्यांचं काम संपलं त्यांची जुनी माहिती काढून टाकली. मग साध्या मराठीत एक पान लिहिलं आणि खाली तारीख टाकली.

आता दर तीन महिन्यांनी बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय असतो. मधेच काही बदललं, म्हणजे नवा कुरिअर आला, पैसे घ्यायची नवी सोय झाली किंवा व्हॉट्सॲपवर जाहिरात सुरू झाली, तर आधी पान बदलायचं आणि मग काम सुरू करायचं. गिऱ्हाइकाची माहिती नव्या कामासाठी वापरायची असेल, तर त्याला पुन्हा विचारायचं. पान गुपचूप बदललं म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही. हो म्हणणं जितकं सोपं, तितकंच नाही म्हणणंही सोपं हवं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची माहिती घ्यायची तर आईबापाची संमती लागते, हेही विसरू नका.

आणि यादी कुणाच्या हाती लागलीच, तर लपवू नका. गिऱ्हाइकांना लगेच कळवा. नव्या कायद्यात तेही सांगितलं आहे. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब तक्रार करायला सांगा.

मैत्रिणींनो, कर्जाच्या फोनचा त्रास आपल्यालाही होतो. रात्री-बेरात्री अनोळखी माणसाचा फोन आला की बाईलाच घरात उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडं नंबर देणारी ताईही कुणाच्या तरी घरातली बाईच आहे. येत्या बैठकीत रोखवहीसोबत ते पानही उघडा आणि मोठ्यानं वाचा. आपण करतो तेच त्यात लिहिलेलं आहे का, एवढं पाहा.

त्या ताईंना मी नंतर फोन करून माफी मागितली आणि नवं पान वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बघू.” एवढं ऐकूनही मला बरं वाटलं.