गर्भाशयाचा कर्करोग आणि यंत्राचा हात
(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला आरोग्यविषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी वैद्य नव्हे. उभा जन्म मराठी शाळेत बेरीज-वजाबाकी शिकविलेला एक साधा मास्तर. तथापि गतवर्षी माझ्या घरावर जो प्रसंग आला, त्याने मला पुष्कळ शिकविले. तो येथे सांगण्यास माझ्या पत्नीची संमती आहे. किंबहुना तिचाच तसा आग्रह आहे.

पाळी जाऊन नऊ वर्षे लोटल्यावर तिच्या अंगावरून थोडे रक्त गेले. संकोचापायी चार महिने ती कोणाजवळ बोलली नाही. अखेर मला सांगितले, तेव्हा "उष्णता असेल, सब्जा घे," असे म्हणून मी मोकळा झालो. इतरांच्या चुका तांबड्या शाईने दाखविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या हातून ही चूक घडली. पुढे सूनबाईने हट्टाने तिला रुग्णालयात नेले आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले.

शल्यविशारदांनी रोबोच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करण्याचे सुचविले. माझ्या पोटात गोळा उठला. माणसाच्या देहावर यंत्राने सुरी चालवावी? तेव्हा त्यांनी शांतपणे समजावून दिले की, हे यंत्र आपल्या बुद्धीने काहीच करीत नाही. शल्यविशारद काही पावलांवर बसून पोटातील भाग मोठा करून पाहतात. त्यांची बोटे हलतील तशी बारीक छिद्रांतून आत गेलेली हत्यारे हलतात, मनगटासारखी वळतात, आणि हाताचा कंप मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. लेखणी कितीही उत्तम असली तरी अक्षर लिहिणाऱ्याचेच असते, हे मला लगेच उमगले.

आता गाठींविषयी. देहात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकेचे बारीक पाट असून त्यांवर ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यांसारख्या गाठी असतात. रोग पसरू लागला की बहुधा प्रथम तेथे पोहोचतो. म्हणून पूर्वी ओटीपोटातील या गाठी सरसकट काढीत. आमच्या थोरल्या वहिनींच्या अशाच काढल्या होत्या. त्या वाचल्या, परंतु लसिकेचा निचरा खुंटल्याने एक पाय कायमचा सुजला. त्यांना पुढे कधी पाटावर बसता आले नाही. 2009 साली 1408 स्त्रियांवरील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अस्तराचा रोग गर्भाशयापुरताच दिसत असता या गाठी सरसकट काढल्याने आयुष्य वाढल्याचे तीत आढळले नाही.

मग रोग गाठींत गेला की नाही, हे ओळखावे कसे? गर्भाशयाच्या मुखाशी एक हिरवा रंग टोचतात. विशिष्ट प्रकाशात तो चमकतो आणि लसिका ज्या गाठीत प्रथम उतरते ती उजळून दिसते. तिला पहारेकरी गाठ म्हणावे. दोन्ही बाजूंच्या अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासतात. एखाद्या बाजूस ती सापडलीच नाही, तर त्या बाजूच्या सर्व गाठी काढणे इष्ट ठरते. अमेरिकेत रोबोच्या साहाय्याने झालेल्या अशा चाचणीचे फलित 2017 साली प्रसिद्ध झाले. पहारेकरी गाठ सापडलेल्या ज्या स्त्रियांच्या गाठींत रोग होता, त्यांपैकी शेकडा 97 जणींत तो या गाठीनेच दाखवून दिला.

परंतु यंत्राच्या नावाने भुलूनही जाऊ नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात 2018 साली उलटेच दिसून आले. साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया पोट उघडून केलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेत शेकडा 96.5, तर दुर्बिणीने वा रोबोने केलेल्या शस्त्रक्रियेत शेकडा 86 होत्या. बीजांडकोशाच्या वाढलेल्या रोगात निरोगी दिसणाऱ्या गाठी काढून आयुष्य वाढत नाही, हे 2019 साली सिद्ध झाले. तात्पर्य, रोग कोणता, गाठी का काढावयाच्या आणि किती, हे निःसंकोच विचारावे. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

पत्नीच्या गाठी निर्मळ निघाल्या. तिसऱ्या दिवशी ती घरी आली; पाय सुजला नाही. परंतु रोग गर्भाशयाच्या भिंतीत खोल गेला होता, म्हणून किरणोपचार घ्यावे लागले. वेळीच गेलो असतो तर ते कदाचित टळले असते. ही टोचणी मला जन्माची राहील.

भगिनींनो, पाळी गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. आपल्याच धाराशिव जिल्ह्यातील, तेव्हाच्या उस्मानाबादेतील, 497 खेड्यांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना घेऊन झालेल्या अभ्यासाने 2009 साली जगाला दाखविले की, गर्भाशयमुखाची विषाणूचाचणी एकदाच केली तरी त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. शेतावर राबणाऱ्या त्या माउलींनी संकोच सोडला. आपण सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनी का धरावा?

आणि पुरुषबंधूंनो, घरातील स्त्री काही सांगू लागली तर वर्तमानपत्र खाली ठेवा. शिक्षणनिधीप्रमाणेच स्त्रियांच्या तपासणीसाठी संस्थेने एक लहानसा निधी उभारावा, अशी माझी नम्र सूचना आहे. माझ्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम मी आज कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे.