डोळ्यातले नकली ग्राही

अकोटच्या बाजारात कापूस विकायला आलेल्या शेतकऱ्याला पाटी धूसर दिसते, तेव्हा त्याला वाटतं चष्म्याचा नंबर वाढला. जुना मधुमेह असेल, तर दोष डोळ्याच्या पडद्यातही असू शकतो.

मधुमेहामुळे तिथे प्राणवायू कमी पडला की पडद्यातल्या पेशी ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन सोडतात. ते रक्तवाहिनीच्या पेशीवरच्या ग्राहीला चिकटलं, की वाहिनी पाझरते, पडदा सुजतो. अफ्लिबरसेप्ट या औषधात त्याच ग्राहींचे तुकडे जोडलेले आहेत. प्रथिन या नकली ग्राहीतच अडकतं, खऱ्यापर्यंत पोहोचत नाही! अमेरिकेत या सुजेसाठी त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

इंजेक्शन थेट डोळ्यात देतात, पण आधी भूल असते, घाबरू नये.

सुरुवातीला ते दरमहा घ्यावं लागतं. इंजेक्शनसाठीच्या अकोल्याच्या फेऱ्या चुकल्या, तर सूज परतू शकते. मधुमेहींनी नीट दिसत असतानाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा.