जिभेची जात
(युवक शिबिरातील भाषण)



परदेशात इंग्रजी शिकवायला बी.एड. लागतं का, असं तुम्ही विचारता. सरळ सांगतो. बऱ्याच ठिकाणी लागत नाही. जन्म मात्र लागतो!

दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा घ्या. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. या ७ देशांच्या नागरिकाला कुठलीही पदवी चालते. शेतकीची का असेना! भारतीयांसाठी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारानं एक खिडकी उघडली. तर तिथं शिक्षकाचा परवाना मागतात. म्हणजे त्यांना जन्म पुरतो, आपल्याला कागद लागतो. याला आपल्याकडं काय म्हणतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

इंग्रजी मातृभाषा असलेलाच चांगला मास्तर, ही समजूत १९६१ सालच्या युगांडातल्या मकेरेरे परिषदेतून बळावली. ती खोटी आहे, असं रॉबर्ट फिलिप्सननं १९९२ साली पुस्तक लिहून मांडलं. तरी बाजार ऐकतो थोडाच? अर्जासोबत फोटो मागतात. फोटोत व्याकरण दिसतं का?

मी थायलंडात दोन वर्षं शिकवलं. जवळ बी.ए. आणि १२० तासांचं टेफल सर्टिफिकेट, बस्स. आमच्या शाळेत गोऱ्या मास्तरला जास्त पगार, फिलिपिनो बायांना आणि मला कमी. काम तेच, तास तेवढेच. पोरांनी 'असं का म्हणायचं?' विचारलं की गोरा म्हणायचा, 'असंच म्हणतात.' आम्ही कारण सांगायचो. ही भाषा आम्हाला आईच्या दुधातून मिळाली नव्हती, घासून घासून कमावली होती. पोराची जीभ कुठं अडते, ते जिची एकदा अडलीय तिलाच कळतं.

म्हणून जा. पण डोळे उघडे ठेवून जा. थायलंडात पदवी लागतेच, आपल्यासारख्यांकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही मागतात. नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट, दोन्ही पाहिजेत. 'टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. पकडले गेलात तर तो येणार नाही सोडवायला. करार हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. पासपोर्ट कुणाच्या कपाटात ठेवू नका. २०२२ साली परराष्ट्र मंत्रालयानं इशारा दिला होता. थायलंडात नोकरी म्हणून नेलेल्या पोरांना सीमेपलीकडं म्यानमारमध्ये डांबून ठेवलं जात होतं. कर्ज काढून पोराला पाठवणाऱ्या घराला हे परवडणारं नाही.

आणि एक. बी.एड. नसलं तरी भागेल. शिकवायचं कसं, हे शिकल्याशिवाय भागणार नाही. जन्मावर मास्तरकी करणाऱ्यांना आपण नावं ठेवतो, मग आपण नुसत्या सर्टिफिकेटावर करायची का? जाण्याआधी सहा महिने वस्तीतल्या पोरांना शिकवा. फुकट शिकवा. कुठं अडतात ते वहीत लिहून ठेवा.

मग अर्ज भरा. मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहा. ठळक लिहा.