सर्वांना चालणारी पेशी



 

कोकणात कलम बांधलं की बागायतदार काही आठवड्यांनी ते पाहून म्हणतो, ‘धरलं.’ माणसाच्या शरीरात परका अवयव असा सहजी धरत नाही. माझी हयात ऊती जुळवणीच्या प्रयोगशाळेत गेली. दाराशी बसलेले नातेवाईक एकच विचारायचे, ‘डॉक्टर, जुळलं का?’ जणू मी पत्रिकाच पाहत होतो! जुळवायची असायची ती एचएलए नावाची प्रथिनं. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या मालाचे तुकडे या प्रथिनांवर ठेवून दारात मांडते. गस्त घालणाऱ्या टी-पेशी ते तपासतात आणि परकं काही दिसलं की हल्ला करतात. 1954 साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलेलं मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण यशस्वी झालं, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते. दोघांचा माल एकच!

जुळा भाऊ नसलेल्यांसाठी आपण राखणदारालाच गुंगी द्यायला शिकलो. सायक्लोस्पोरिन आलं, टॅक्रोलिमस आलं, लाखो माणसं जगली. पण या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, आणि गुंगीतला राखणदार क्षयाला आणि बुरशीलाही अडवत नाही. साताऱ्याकडच्या एका तरुणाला आईचं मूत्रपिंड बसवलं होतं. गोळ्यांचा खर्च झेपेना म्हणून त्यानं कोणाला न सांगता डोस निम्मा केला. तिसऱ्या वर्षी मूत्रपिंड गेलं. आई मला म्हणाली, ‘माझं त्याच्या अंगाला लागलं नाही.’ तिला दुसरं काय सांगणार होतो मी?

म्हणून आज मला उलट्या बाजूच्या प्रयत्नाबद्दल बोलायचं आहे. राखणदाराला जागं ठेवायचं आणि बदल पेशीत करायचा.

2006 साली शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशी मागे वळवून मूळपेशींसारख्या केल्या, दुसऱ्या वर्षी माणसाच्या. तेव्हा वाटलं, ज्याची त्याची पेशी ज्याला त्याला, वादच मिटला. 2014 मध्ये जपानात मासायो ताकाहाशी यांच्या गटानं एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्याच पेशींपासून बनवलेला पातळ थर बसवलाही. पण दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले आणि काम थांबवावं लागलं. शिवाय प्रत्येकासाठी वेगळी पेशी घडवायची, तपासायची, यात महिनोन्‌महिने जातात आणि पैसा पाण्यासारखा. म्हणून एकच पेशी सर्वांसाठी घडवावी, हा विचार पुढे आला.

पहिली युक्ती सोपी वाटते. बी-टू-एम हे जनुक काढलं की पहिल्या वर्गाची एचएलए प्रथिनं पृष्ठभागावर येत नाहीत, सीआयआयटीए काढलं की दुसऱ्या वर्गाची. दारात मालच मांडला नाही तर टी-पेशी तपासणार काय? पण शरीर इतकं भोळं नाही. क्लास कॅरे यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं होतं की नैसर्गिक मारक पेशी नेमकं हेच शोधतात: जिच्या दारात काहीच मांडलेलं नाही, ती पेशी संशयित. लपणं हाच पुरावा ठरतो. म्हणून तिसरा बदल लागतो. सीडी-47 हे ‘मला खाऊ नका’ असं सांगणारं प्रथिन पेशीवर भरपूर वाढवायचं. टोबियास डोइझ आणि सोन्या श्रेप्फर यांच्या गटानं 2019 मध्ये हे तिन्ही बदल केलेल्या मूळपेशी घेतल्या, आणि त्यांपासून घडवलेल्या पेशी परक्या उंदरांत औषधाशिवाय टिकवून दाखवल्या.

माणसातला पुरावा 2025 मध्ये आला, स्वीडनमधल्या उप्सालाहून. 42 वर्षांचा पुरुष, लहानपणापासून पहिल्या प्रकारचा मधुमेह. त्याच्या हाताच्या स्नायूत मृत दात्याच्या स्वादुपिंडातल्या, हेच तीन बदल केलेल्या पेशी टोचल्या. त्या मूळपेशींपासून घडवलेल्या नव्हत्या, हे आपल्या वृत्तपत्रांनी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. प्रतिकार दडपणारी एकही गोळी दिली नाही. बारा आठवड्यांनंतरही पेशी जिवंत होत्या आणि इन्सुलिन तयार करत होत्या. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मथळ्यात आली नाही. सगळ्या पेशींत तिन्ही बदल साधले नव्हते. त्यामुळे एकाच माणसात तीन गट तपासता आले. मुळीच न बदललेल्यांविरुद्ध टी-पेशी आणि प्रतिपिंडं उठली. दोन जनुकं गेलेल्या पण सीडी-47 न वाढलेल्या पेशींना जन्मजात प्रतिकारानं मारलं. तिन्ही बदल झालेल्यांना कोणी हात लावला नाही. फसलेल्या पेशींनीच नियंत्रण-गटाचं काम केलं! मात्र पेशींची मात्रा मुद्दाम अगदी कमी ठेवलेली होती, आणि त्या माणसाचं रोजचं इन्सुलिन सुटलेलं नव्हतं.

त्याच वर्षी निकाल आलेल्या, मूळपेशींपासून घडवलेल्या स्वादुपिंड-पेशींच्या दुसऱ्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 पैकी 10 जणांचं इन्सुलिन वर्षभरात सुटलं. पण त्यांना प्रतिकार दडपणारी औषधं होती, आणि चाचणीतला एक रुग्ण क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरानं दगावला. गुंगीची किंमत ती हीच.

धोका इथेही आहे. राखणदाराला न दिसणारी पेशी उद्या विषाणूनं पछाडली किंवा कर्करोगाकडे वळली, तर? म्हणून औषध देताच पेशीनं स्वतः मरावं अशी कळ आतच बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. माझं मत स्पष्ट आहे. अशी कळ नसलेली आणि शरीरात वाढू शकणारी पेशी मी माझ्या नातेवाइकाला टोचू देणार नाही.

आणि ‘सर्वांना चालणारी’ या शब्दांवर तर मुंबईकरानं विश्वास ठेवूच नये. ओ गटाचं रक्त सर्वांना चालतं, असं जग मानत होतं. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच अशी माणसं शोधली, ज्यांच्या रक्तात ओ गटातही असणारं एच हे चिन्हच नव्हतं. त्यांना ओ रक्त दिलं तर जिवावर बेततं. जगभर हा गट बॉम्बे गट म्हणूनच ओळखला जातो. एच हे चिन्ह रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतं. म्हणजे एचएलए पुसलं तरी ओ गटाच्या दात्यापासून घडवलेली पेशी या माणसांना परकीच वाटू शकते.

अशा चाचण्यांचे प्रस्ताव उद्या आपल्या नीतिमत्ता समित्यांपुढे येतील आणि तिथे तुमच्यापैकीच कोणी बसलेलं असेल. सही करण्यापूर्वी एवढंच विचारा: ही पेशी बॉम्बे गटाच्या रक्तद्रवात ठेवून पाहिली आहे का? नसेल, तर प्रस्ताव परत पाठवा.