प्रोटॉन तुटतो का?

आज बीडहून थेट कर्नाटकात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत. १९८० च्या दशकात मुंबईच्या टीआयएफआरचे आणि जपानचे शास्त्रज्ञ तिथं जमिनीखाली २.३ किलोमीटरवर १४० टनांचा डिटेक्टर लावून बसले होते. कशासाठी? प्रोटॉन तुटताना पकडायला!

१९७४ मध्ये जॉर्जी आणि ग्लाशो यांनी मांडलं, की गुरुत्व सोडून बाकीची तीन बलं मुळात एकच आहेत. तसं असेल तर प्रोटॉन कधीतरी तुटणार. सरासरी किती वर्षांनी? साधारण १ वर ३० शून्यं!

एवढं थांबणार कोण? पण बघा, सीताफळाच्या एकाच फळावर नजर ठेवली तर दिवस जातील. अख्खी बाग असली की रोज एखादं पडतंच. म्हणून १४० टन. कोलारला काही घटना तशा वाटल्या, पण परदेशातल्या मोठ्या डिटेक्टरना काहीच दिसलं नाही. तो साधा सिद्धांत बाद झाला.

मग 'फायनाइट' सिद्धांत आले. यात सुपरसिमेट्रीच्या मदतीनं गणितातले अनंत एकमेकांना खोडतात, त्यामुळे आकडे मनाप्रमाणे बसवायला फारशी जागा उरत नाही. याच गणितातून २००८ मध्ये हिग्जचं वस्तुमान १२१ ते १२६ जीईव्ही निघालं. २०१२ मध्ये सर्नला हिग्ज सापडला, सुमारे १२५ वर!

तरी सिद्धांत पास नाही. सुपरसिमेट्रीचा एकही जोडीदार कण अजून सापडलेला नाही. आमच्या कोडचंही तसंच असतं, एक टेस्ट पास झाली म्हणून रिलीज करत नाही. आकडा आधी सांगायचा, मग निसर्गाला विचारायचं. भेटू पुढच्या भागात!