भरधाव मोटार आणि वकिलाची पायरी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या ऐकूं येत आली आहे. परंतु ती मोटारीच्या युगापूर्वींची असल्यामुळें, कोर्टाची पायरीच आपण होऊन घरीं चालत आली तर काय करावें, हें तिनें सांगितलेलें नाहीं. पुण्याहून मुंबईस द्रुतगतीमार्गानें जाऊन आलेल्या गृहस्थाच्या हातीं कांहीं दिवसांनीं एक कागद पडतो. अमुक दिवशीं, अमुक ठिकाणीं, त्याची मोटार ताशीं इतक्या वेगानें धांवत होती, असें त्यांत लिहिलेलें असतें. मग घरांत खल सुरू होतो. पैसे भरून मोकळें व्हावें, असें वडील माणसें म्हणतात. ओळखीचा वकील गांठावा, असें मेहुण्याचें मत पडतें. कागद मात्र दोघांनींहि धड वाचलेला नसतो.

वास्तविक वकील द्यावा कीं नाहीं याचा निर्णय त्या कागदांतच दडलेला असतो. वेग किती होता याहून कोणतें कलम लावलें आहे, हें आधीं पाहावयास हवें. १९८८ चा मोटार वाहन कायदा २०१९ सालीं सुधारण्यांत आला. त्याचें कलम १८३ नुसत्या अतिवेगाचें आहे. हलक्या मोटारीस त्याखालीं १,००० ते २,००० रुपये दंड होतो व ठरलेलें तडजोड शुल्क भरून तो मिटवितां येतो. कलम १८४ ची गोष्ट अगदीं निराळी. तें धोकादायक रीतीनें वाहन चालविण्याचें आहे, आणि भर वस्तींत किंवा घाटाच्या वळणावर केलेला अतिवेग त्यांत सहज जाऊन बसतो. पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, अथवा १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. हातांत दूरध्वनि धरल्याचा प्रकार वगळला, तर या कलमाखालच्या गुन्ह्याची शुल्क भरून तडजोड होत नाहीं. साहजिकच लोक अदालतींत जाऊनहि तो मिटत नाहीं. याच्या जोडीला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचें कलम २८१ लावलेलें असेल, तर प्रकरण मोटारीच्या कायद्यापुरतें न राहतां सरळ फौजदारीचें झालें असें समजावें.

कलम १८३ चा पहिलाच प्रसंग आहे, मोटार स्वतःच चालविली होती, वेगहि कबूल आहे, अशा वेळीं वकील देणें म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पैसे भरावे व पावती जपून ठेवावी. मात्र येथें एक खांच आहे व सुशिक्षित माणसेंच तींत अधिक अडखळतात. दंड भरला कीं सारें संपलें, असें ती मानतात. परंतु कलम २०६ प्रमाणें या गुन्ह्यांत वाहन चालविण्याचा परवाना काढून घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवितां येतो, आणि तडजोडीनें दंड भरला तरी ती कारवाई टळत नाहीं, असें कायद्यांतच म्हटलें आहे. तो अधिकारी वाहनचालकाचें म्हणणें ऐकून घेतो. समाधान न झाल्यास पहिल्या खेपेस तीन महिने परवाना बंद, दुसऱ्या खेपेस परवानाच रद्द. हुकूम हातीं आल्यापासून तीस दिवसांत त्यावर अपील करतां येतें.

तीन महिने मोटार नाहीं, ही गोष्ट सर्वांस सारखीच जड नसते. बँकेंतला कारकून लोकलनें जाईल व चार दिवस कुरकुरेल. पण रात्रीं-अपरात्रीं रोग्याकडे जाणारा डॉक्टर किंवा भाड्याच्या गाडीवर संसार चालविणारा चालक यांच्या दृष्टीनें तें तीन महिन्यांचें उत्पन्नच होय. अशा माणसानें दंडाची रक्कम आणि वकिलाची फी यांची तुलना करीत बसूं नये. त्याच्या तागडींत दंड नव्हे, परवाना आहे. परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्या तरुणाचेंहि असेंच. फौजदारी खटला कोर्टांत पडून असतांना पारपत्र नाकारण्याचा अधिकार सरकारला १९६७ च्या पारपत्र कायद्यानें दिलेला आहे.

वकील येऊन करतो तरी काय, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. १८९६ सालीं इंग्लंडांत, केंट परगण्यांत, एका मोटारवाल्यास पोलीस शिपायानें चक्क सायकलवरून पाठलाग करून पकडलें होतें. आज तसा शिपाई साक्षीस उभा राहिला, तर एकट्या साक्षीदाराच्या नुसत्या अजमासावर कलम १८३ खालीं कोणासहि दोषी ठरवितां येत नाहीं. अजमासाला यंत्राचा आधार लागतो. यंत्र आलें, म्हणजे यंत्राची परीक्षा आली. २०२१ च्या नियमांनीं अशा यंत्रास सरकारी मान्यतेचें प्रमाणपत्र आवश्यक केलें व पाहणीच्या टापूआधीं सूचनाफलकहि हवा असें ठरविलें. शिवाय कलम २०९ आहेच. जाग्यावर ताकीद दिलेली नसेल, चौदा दिवसांत सूचना पाठविली नसेल व अठ्ठावीस दिवसांत समन्सहि बजावलें नसेल, तर १८३ किंवा १८४ खालीं दोषी ठरवितां येत नाहीं; मात्र पत्ताच सांपडला नाहीं किंवा आरोपीनेंच टाळाटाळ केली, असें कोर्टाला पटलें तर ही सवलत मिळत नाहीं. या तारखा पाकिटावरच्या शिक्क्यांवरून घरींहि मोजतां येतात. प्रमाणपत्र मागविणें, साक्षीदाराची उलटतपासणी घेणें, १८४ लावण्याइतका धोका खरोखर होता काय हें कोर्टापुढें मांडणें, हें मात्र सरावाचें काम आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कबुलीची. समन्स आल्यावर गुन्हा कबूल करून मोकळें होण्याचा मोह फार मोठा असतो. पण कबुलीवरून झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाचा मार्ग जवळजवळ बंद होतो. शिक्षा कमी-अधिक आहे कीं बेकायदा आहे, एवढाच वाद उरतो. म्हणून १८४ किंवा २८१ हे आंकडे दिसतांच, ‘कबूल’ किंवा ‘नाकबूल’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं वकिलाची भेट घ्यावी. शिक्षा झाल्यावर वकिलाकडे धांवणारे पुष्कळ असतात; तोंवर त्याच्या हातीं करण्यासारखें फार थोडें राहतें.

अठरा वर्षांखालील मुलानें वडिलांची गाडी पळविली असेल, तर विचार करण्यास जागाच नाहीं. कलम १९९-अ प्रमाणें पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं. मुलानें गाडी आपल्या नकळत नेली, हें सिद्ध करण्याचा भार बापावरच पडतो. लाडक्या चिरंजीवांच्या हातीं किल्ली देणाऱ्यांनीं हें कलम एकदां वाचलेलें बरें.

फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यानें तेथें स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालतां मोफत वकील मिळूं शकतो. पुरुषांपैकीं अल्प उत्पन्नाच्या व कायद्यांत नमूद केलेल्या इतर वर्गांतील लोकांना. स्वतः वकील निवडतांना मात्र नांवाजलेल्या दिवाणी वकिलापेक्षां त्याच दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टांत रोज उभा राहणारा साधा वकील अधिक उपयोगी पडतो. समन्स, पाकीट, परवाना, गाडीचे कागद आणि यंत्रानें घेतलेलें छायाचित्र बरोबर न्यावें. फी एकंदर किती, तारखेगणिक किती, हें आधींच विचारून घ्यावें. वकिलालाहि तें आवडतें. आणि ही भेट पहिल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीं नव्हे, समन्स हातीं पडल्याच्या आठवड्यांतच घ्यावी. कारण यंत्राच्या प्रमाणपत्राची नक्कल मागण्यांतच बरेच दिवस निघून जातात.